भिंतीला हात लावून पाहा

२०२२ चा रमजान आमच्या घरात कुणीच विसरणार नाही. ३ एप्रिलला पहिला रोजा होता. त्याच्या आधीचा मार्च महिना हवामान खात्याच्या १२२ वर्षांच्या नोंदींत देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला होता. आम्ही राहतो पिंपळे सौदागरला, कोकणे चौकापासून पायी दहा मिनिटांवर, सातव्या म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. अम्मीची खोली पश्चिमेला आहे. घर घेताना त्या खोलीचे आम्हाला फार कौतुक वाटले होते. खिडकीतून सूर्य मावळताना दिसेल, अम्मीला मगरिबची वेळ बसल्या जागी कळेल, असे आम्ही म्हणालो होतो.

रोजे सुरू झाले आणि त्या खोलीचे खरे रूप कळले. तरावीह आटोपून रात्री दहाला आम्ही परतायचो, तेव्हा खाली सोसायटीच्या बाकावर बरा वारा असायचा. वर अम्मीच्या खोलीत मात्र पंखा गरम हवाच फिरवत असायचा. एका रात्री सहज भिंतीला हात टेकला आणि आम्ही चमकलो. चुलीवरून उतरवून ठेवलेला तवा बराच वेळ गरम राहतो, तशी ती भिंत लागत होती. सूर्य मावळून तीन तास झाले होते.

अकराव्या रोज्याला इफ्तारच्या तासभर आधी अम्मीला चक्कर आली. डॉक्टरांनी तपासले. अंगातले पाणी कमी झाले आहे, रात्रीही शरीराला थंडावा मिळत नाही, म्हणून बाकीचे रोजे आता थांबवा, असे त्यांनी सांगितले. अम्मी त्या संध्याकाळी रडली. राहिलेले रोजे तिने डिसेंबरात पूर्ण केले, पण ‘रमजानात घरात असून मी रोज्याला नव्हते’ हे तिच्या मनातून गेले नाही. आम्ही दुसऱ्याच दिवशी एसी आणला. खोली थंड झाली, पण एसी बंद केला की अर्ध्या तासात पुन्हा तीच भट्टी. रात्रभर चालवला की आठ-दहा युनिटे जायची. महावितरणच्या बिलात १०० युनिटांनंतर दर चढतो आणि ३०० नंतर आणखी चढतो, हे आम्हाला त्या दोन महिन्यांत नीट समजले. शिवाय आमच्या एसीची गरम हवा शेजारच्या भाभींच्या खिडकीकडे जात होती. आपल्या घरातली उष्णता शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायची, हेही मनाला पटेना.

सौद्यात न विचारलेला प्रश्न

सौदागर हा शब्द फारसीतून उर्दूत आणि तिथून मराठीत आला. सौदागर म्हणजे व्यापारी. आम्ही उर्दू शिकवतो, त्यामुळे गावाच्या नावातला सौदा आम्हाला नेहमी दिसतो. पण स्वतःच्या घराचा सौदा करताना आम्ही काय विचारले? फरशी कोणती, स्वयंपाकघराचा ओटा कसा, पार्किंग मिळेल का, लिफ्टला बॅटरी आहे का. ‘भिंत कशाची आहे?’ हा प्रश्न आमच्या तोंडून निघालाच नाही आणि बांधणाऱ्यानेही आपणहून सांगितले नाही. स्मार्ट सिटी योजनेत पिंपळे सौदागर आणि पिंपळे गुरव हा भाग निवडला गेला, रस्ते आणि पदपथ देखणे झाले. पण घर किती तापते, हे रस्त्यावरून दिसत नाही.

आमच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंती सहा इंच जाडीच्या सिमेंट काँक्रीटच्या निघाल्या. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायची ही पद्धत आता पुणे परिसरात सर्रास वापरली जाते. काम भराभर होते, इमारत मजबूत होते. ताकदीत त्यात उणे काही नाही. पण काँक्रीट उष्णतेला अडवत नाही. दुपारी चारचे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडते, ती उष्णता भिंतीतून हळूहळू सरकते आणि चार-पाच तासांनी आत पोचते. म्हणूनच आमची भिंत रात्री दहाला तापलेली असायची.

थोडे शाळेतले गणित

उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक आपण सगळेच शाळेत शिकलो. रजई ऊब निर्माण करत नाही. तिच्या कापसात अडकलेली हवा आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तीच रजई बर्फाच्या लादीवर टाकली तर बर्फ उशिरा वितळतो. घराच्या भिंतीलाही असाच काही थर हवा, ज्यात हवा जागच्या जागी अडकून राहील.

समजा पश्चिमेची भिंत १० चौरस मीटरची आहे आणि बाहेरचा ताप आतल्या हवेपेक्षा १० अंशांनी जास्त आहे. सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून साधारण ३८० वॉट उष्णता आत येईल. नऊ इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत असेल तर साधारण २२० वॉट. आठ इंची हलक्या ठोकळ्यांची, म्हणजे ज्याला बाजारात एएसी ब्लॉक म्हणतात त्याची भिंत असेल तर ८० वॉटच्या आत. छताचा साधा पंखा ७५ वॉटचा धरला, तर पहिल्या घरात पाच पंख्यांच्या विजेइतकी उष्णता भिंतीतून शिरते आणि तिसऱ्या घरात एका पंख्याइतकी. बाहेरचे ऊन तेच, एप्रिल तोच, फरक फक्त भिंतीचा.

आपल्या जुन्या लोकांना हे आकडे माहीत नव्हते, पण मर्म माहीत होते. पुणे-मावळ पट्ट्यातली जुनी घरे पाहा. खाली काळ्या दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या दोन-दोन फूट भिंती, खिडक्या लहान, मधोमध चौक. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर चौकातून गार हवा खेळू लागते. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फती यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ न्यू गुर्ना हे गाव उभारताना हाच विचार केला. सिमेंट महाग आणि तापणारे, म्हणून त्यांनी न्युबियातल्या गवंड्यांची कच्च्या विटांची जुनी विद्या परत वापरात आणली. आज शहरात दोन फुटांची मातीची भिंत कुणाला परवडणार? जागेचा भावच तेवढा आहे. म्हणून तेच काम कमी जाडीत करणारे साहित्य शोधावे लागते.

आधी जोते

हे सगळे आम्ही शिकत होतो त्याच वर्षी आमच्या धाकट्या भावाने चाकणजवळ दीड गुंठ्यावर घर बांधायला काढले. तो तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला आहे. बांधकामाला एक वयस्क गवंडीचाचा मिळाले. त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले, “सर, भिंतीचं नंतर बोलू. पहिलं पाण्याचं बोला. ओली भिंत काहीच अडवत नाही, ना ऊन ना थंडी.”

चाचांचे म्हणणे अगदी शास्त्राला धरून होते. हवेने भरलेली छिद्रे पाण्याने भरली की उष्णता त्यातून सहज जाते. वर्गात आम्ही एक प्रयोग दाखवतो: खडूचे टोक शाईत बुडवायचे आणि शाई वर चढताना पाहायची. वीट, सिमेंट, ब्लॉक हे सगळे तसेच खडू आहेत. जमिनीतले पाणी पायातून भिंतीत चढते आणि मग खाली फूटभर रंग फुगतो, पोपडे पडतात, कपाटामागे बुरशी येते. घरात दम्याचा माणूस असेल तर त्याचे हाल आपण जाणतोच.

आमचा एक मामेभाऊ कॅनडात असतो. त्याच्या घराच्या पायालाही बाहेरून फोमच्या जाड पाट्या लावलेल्या आहेत, कारण तिथे हिवाळ्यात जमीन गोठते. भावाने विचारले, आपणही पायाला तसे करायचे का? त्याची इथे गरज नाही. जमिनीखाली तीन-चार मीटरवर तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते, त्या गावच्या वार्षिक सरासरीइतके. पुण्याकडे ते पंचवीस अंशांच्या आसपास असते. म्हणजे उन्हाळ्यात जमीन आपल्याला गारवा देणारी असते. लहानपणी आपण दुपारी चटई बाजूला सारून शहाबादी फरशीवर झोपायचो, ते उगाच नाही. तेव्हा आपल्याकडे जमिनीचा गारवा अडवायचा नाही, फक्त तिची ओल अडवायची.

त्यासाठी जे केले ते असे. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते, म्हणून घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदाई केली. जोते रस्त्यापासून दोन फूट वर घेतले. नियमाने निदान दीड फूट हवेच, पण आपल्याकडे रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो आणि घर खाली जाते, हे लक्षात ठेवायला हवे. जोत्याच्या आत मुरूम एकदम न भरता सहा-सहा इंचांच्या थरांत भरला, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केले. त्यावर दगडी सोलिंग, मग जाड प्लास्टिकचा कागद, मग काँक्रीट. वाळवीचे औषध भराव चालू असतानाच मारून घेतले.

आणि सर्वांत महत्त्वाचे, प्लिंथवर भिंत सुरू करण्याआधी डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा दीड-दोन इंचांचा पक्का काँक्रीटचा थर, त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर आणि वरून डांबराचा हात. ठेकेदार म्हणत होता, बीम आहे, डीपीसी कशाला? त्या थराला खर्च फार नव्हता, एक दिवसाचे काम होते. पण तो एक दिवस चुकला की पुढे पन्नास वर्षे तो थर घालता येत नाही. चाचा अडून बसले म्हणून तो झाला.

मग भिंत

इथे घरात वाद झाला. भावाचे पैसे मोजके होते. त्याला पुढची बाजू देखणी करायची होती, आत मोठ्या चकचकीत टाइल्स लावायच्या होत्या. पश्चिमेला चार इंची विटांची भिंत चालेल, गरम झाले तर एसी लावू, असे तो म्हणत होता. दोन दिवस आमचे बोलणे ताणले गेले. शेवटी अम्मी म्हणाली, “बेटा, फरशी पाच वर्षांनी बदलता येईल. भिंत बदलशील का?” त्यावर सगळे गप्प झाले. टाइल्स साध्या घ्यायच्या, पुढचे नक्षीकाम पुढे ढकलायचे आणि तो पैसा भिंतीत घालायचा असे ठरले.

एएसी ब्लॉक हा शोध १९२० च्या दशकात स्वीडनचे वास्तुविशारद आक्सेल एरिक्सन यांनी लावला. सिमेंट, चुना, जिप्सम आणि वाळू किंवा औष्णिक वीज केंद्रातली राख यांच्या रबडीत थोडी ॲल्युमिनियमची भुकटी घालतात. त्यातून वायू सुटतो आणि सगळे मिश्रण ढोकळ्यासारखे फुगते. मग ते कापून, दाबाखालच्या वाफेत शिजवतात. असंख्य बारीक बुडबुड्यांमुळे ठोकळा विटेच्या जवळजवळ एक-तृतीयांश वजनाचा होतो आणि उष्णतेला अडवतो.

पण त्याची नजाकत सांभाळावी लागते. हा ठोकळा पाणी पितो, म्हणून जोत्याखाली तो कधीही वापरायचा नाही. तिथे दगड, वीट किंवा भरीव काँक्रीट. जोडायला जाड सिमेंटऐवजी त्याचा खास मसाला पातळ थरात वापरायचा. आणि कॉलम जिथे भिंतीला भिडतो तिथे गिलाव्याच्या आत चिकन जाळी मारायची, कारण दोन्ही वेगवेगळे आकसतात. आमच्याकडे एका कोपऱ्यात जाळी राहून गेली. पहिल्या पावसात बरोबर तिथेच उभी चीर पडली आणि पाणी आत आले. तो पट्टा फोडून पुन्हा करावा लागला.

ज्यांना विटाच वापरायच्या आहेत त्यांच्यासाठीही वाट आहे. इंग्लंडमध्ये जन्मून केरळात आयुष्य घालवलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करून मध्ये पोकळी सोडणारी रचना आपल्या देशात रुजवली. तिला रॅट ट्रॅप बाँड म्हणतात. विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि मधली हवा थोडी उष्णता अडवते. एएसी ब्लॉकइतका फरक पडत नाही, पण साध्या विटांच्या भिंतीपेक्षा बरी. मात्र गवंड्याला ती रचना येते का, हे आधी पाहावे.

छत आणि फ्लॅट

भिंतीइतकेच, किंबहुना एकमजली घरात भिंतीहून जास्त, ऊन छतावर पडते. भावाच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढरी चायना मोझॅक फरशी केली. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो. हे इतके साधे आणि स्वस्त आहे की तेलंगण सरकारने २०२३ मध्ये गार छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

पण वाचकांपैकी बहुतेकांचे घर आमच्यासारखे बांधून झालेले, फ्लॅटमधले असेल. त्यांनी निराश होऊ नये. आम्ही तीन गोष्टी केल्या. सोसायटीच्या सभेत ठराव मांडून गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग दिला. खर्च सगळ्यांनी वाटून घेतला. अम्मीच्या खिडकीला बाहेरच्या बाजूने बांबूची चिक लावली. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, बाहेरची चिक ते काचेपर्यंत पोचूच देत नाही. आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून दोन इंच थर्माकोल आणि त्यावर जिप्सम बोर्ड लावला. खोली तीन इंचांनी लहान झाली. पण गणिताने पाहिले तर त्या भिंतीतून येणारी ३८० वॉट उष्णता ६० वॉटवर येते. हाच थर बाहेरून लावला तर जास्त चांगला, कारण मग भिंत तापतच नाही. पण सातव्या मजल्यावर बाहेरून काम आणि सोसायटीची परवानगी, दोन्ही अवघड होते.

इथे एक इशारा अवश्य द्यायचा आहे. थर्माकोल आणि फोम पेटतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीला १४ जून २०१७ रोजी आग लागली, ती बाहेरून लावलेल्या ज्वालाग्राही आवरणातून वर चढत गेली आणि ७२ माणसे दगावली. तेव्हा सहज न पेटणाऱ्या दर्जाचाच माल घ्यावा, तो उघडा न ठेवता जिप्सम बोर्ड किंवा गिलाव्याने पूर्ण झाकावा आणि विजेच्या तारा त्याच्या आतून मोकळ्या नेऊ नयेत. स्वयंपाकघराच्या भिंतीला तर हा प्रयोग नकोच.

घर पाहायला जाल तेव्हा

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता आणली. इमारतीच्या भिंती आणि खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा त्यात घातली आहे. आपल्यासारख्या हवामानात ती दर चौरस मीटरला १५ वॉट आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने ‘गृहा’ हे हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना मिळकतकरात सवलत देण्याचे धोरणही ठेवले आहे. म्हणजे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे आणि उत्तर देण्याची सोयही आहे.

तेव्हा घर पाहायला जाल, तर एप्रिल-मे महिन्यात आणि संध्याकाळी सातनंतर जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. वरचा मजला असेल तर स्टुलावर चढून छतालाही लावा. मग विचारा: बाहेरची भिंत कशाची, किती इंची? छतावर काय थर आहेत? खिडकीवर सज्जा आहे का? इमारतीला हरित मानांकन आहे का? तळमजला असेल तर भिंतीचा खालचा फूटभर भाग नीट पाहा, ताज्या रंगाखाली फुगवटा लपलेला नाही ना. नवे घर बांधत असाल तर डीपीसी होताना स्वतः हजर राहा.

आमची अम्मी आता बहात्तर वर्षांची आहे. भाऊ तिला चाकणला ये म्हणतो. ती मे महिन्यात तिकडे जाते आणि बाकी वर्ष आमच्याकडे असते. आमच्या खोलीत एसी अजून आहे, पण निजण्याआधी तासभर लावला की पुरतो. रात्री दहाला भिंतीला हात लावण्याची सवय मात्र आम्हाला लागली ती लागलीच.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. सध्या तो थंडीकडे सरकला आहे, त्यामुळे उन्हातल्या रोज्यांचा आपल्याला लवकरच विसर पडेल. पण साधारण ३३ वर्षांत फेरा पुरा होतो. २०५४-५५ च्या सुमारास रोजे पुन्हा एप्रिलमध्ये येतील. आज आपण बांधतो ती घरे तेव्हाही उभी असतील. त्यात आपल्या आजच्या अम्मीच्या जागी आपली मुले असतील, कदाचित आपणही असू. भिंत कशाची असावी हे ठरवताना त्या एप्रिलचाही विचार करू या.